वाळवंटातल्या मोफत शूटिंग रेंजवर पहिल्यांदा जाताना

ॲरिझोनातलं फिनिक्स शहर मागे टाकून लेक प्लेझंट तलावाच्या दिशेने स्टेट रूट ७४ धरला की दोन्ही बाजूंना सग्वारो निवडुंग सुरू होतात. याच भागात बाल्डी माउंटन नावाची शूटिंग रेंज आहे. सावलीला छप्पर, बसायला बाकं, समोर गोळ्या अडवायला मातीचे उंच बांध, गाड्या लावायला मोकळी जागा आणि नियमांचा फलक. तिकीट नाही, नोंदवही नाही, फाटकावर माणूस नाही. आणि मागे उभा राहून ‘थांबा’ म्हणणारा रेंज ऑफिसरही नाही.

अमेरिकेच्या केंद्र सरकारचं ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे खातं (इथे सगळे बीएलएम म्हणतात) फिनिक्सच्या आसपास अशा पाच जागा चालवतं: बाल्डी माउंटन, बॉक्स कॅन्यन, चर्च कॅम्प रोड, नॅरामोर रोड आणि सॅडलबॅक माउंटन. पूर्वी लोक वाळवंटात वाटेल तिथे गाडी थांबवून नेमबाजी करायचे. शहर पसरत गेलं, घरं आणि पायवाटा जवळ आल्या, काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांचे आणि फुटक्या टीव्हींचे ढीग साचले. म्हणून मागे बांध असलेल्या ठरावीक जागा करून दिल्या. मिसुरी राज्याच्या कॉन्झर्व्हेशन खात्याच्याही अशा बिनमाणसाच्या, फुकट रेंज आहेत; सेंट लुइस आणि कॅन्सस सिटीकडच्या वाचकांना त्या जवळ पडतील. राज्यांना रेंज बांधायला जो पैसा मिळतो, त्यातला मोठा वाटा १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यातून येतो. या कायद्याने रायफल, शॉटगन आणि काडतुसांवर ११ टक्के आणि हँडगनवर १० टक्के कर बसतो. काडतुसांचा डबा घेतलात की तुम्हीही त्यात भर घालताच.

आपल्याकडे बहुतेकांची बंदुकीशी ओळख जत्रेत छर्ऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडण्यापुरती असते. काहींची एनसीसीच्या फायरिंगपर्यंत. मी त्या काहींतला. कॅम्पात पोटावर पडून पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ इंच बोअरच्या छोट्या रायफलच्या पाच गोळ्या मारल्या, तेव्हा मागे उस्ताद होते, शेजारी काडतुसं मोजून देणारा होता आणि शिट्टी एका अधिकाऱ्याच्या तोंडात होती. मोफत रेंजवर ही तिन्ही कामं तुमच्याच अंगावर येतात. ती नीट कशी करायची, तेवढंच या लेखात सांगतो.

आधी व्हिसा, मग बंदूक

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना मी हे सगळ्यात आधी सांगतो, कारण चांगले शिकलेसवरलेले लोक इथे फसतात. केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूकही जवळ बाळगता येत नाही आणि काडतूसही नाही. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ आणि आई-वडील येतात तो बी-२, सगळे यात आले. बाळगणं म्हणजे विकत घेणंच असं नाही. मित्राची रायफल रेंजवर दोन मिनिटं हातात घेतली तरी तो गुन्हा ठरू शकतो. शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे, आणि शिक्षा झाली नाही तरी इमिग्रेशनची फाइल कायमची बिघडू शकते. तुमचा व्हिसा माहीत असून बंदूक हातात देणारा मित्रही अडकतो.

यातून वाट आहे आणि ती कायद्यातच लिहिलेली आहे. अमेरिकेत रीतसर दिलेला, चालू मुदतीचा शिकारीचा परवाना तुमच्याकडे असेल तर ही बंदी लागू होत नाही. शिकार करायची नसली तरी चालतं. ॲरिझोनात प्रौढ माणसाला हा परवाना गेम अँड फिश खात्याकडून ऑनलाइन मिळतो, आधी कोर्स करावा लागत नाही. मिसुरीत १ जानेवारी १९६७ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना बंदुकीच्या शिकारीच्या परवान्यासाठी आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण करावा लागतो. परवान्याची प्रत खिशात ठेवा आणि मुदत तपासा. काल संपलेला परवाना असून नसल्यासारखा. ग्रीन कार्ड हातात असेल तर ही बंदी तुम्हाला लागू नाही. पण अर्ज केला म्हणजे कार्ड मिळालं असं नाही, हे विसरू नका. प्रकरण जरा जरी गुंतागुंतीचं असेल, तर इमिग्रेशन वकिलाला विचारूनच पुढचं पाऊल टाका.

गेल्या हिवाळ्यात ओळखीचा एक मुलगा आमच्याबरोबर आला होता. मूळचा सांगलीचा, चँडलरला नोकरीला, एच-१बीवर. टेबलावर रायफल मांडल्यावर म्हणाला, “दादा, नुसती हातात धरून बघतो. गोळी नाही घालत.”

“परवाना काढलास का?”

“नाही अजून.”

“मग धरायचीही नाही, बाळा. गोळीचा डबासुद्धा उचलायचा नाही.”

त्याला वाईट वाटलं, मलाही वाटलं. तो दिवसभर टार्गेटं लावायला मदत करत राहिला. महिन्याभराने परवाना काढून आला, बरोबर साताऱ्याहून आलेले सासरे होते. सासरे बी-२ वर, म्हणून ते खुर्ची टाकून लांब मागे बसले, कानाला मफ्स लावून. प्रत्येक फेरीनंतर दुर्बिणीतून टार्गेट बघायचे आणि “जावईबापू, डावीकडं जातीय” असं ओरडून सांगायचे. त्यांचं बरोबरही असायचं. सांगायचा मुद्दा असा की व्हिसावर आलेल्या पाहुण्यांना न्यायला हरकत नाही. त्यांना बंदूक आणि काडतूस यांच्यापासून लांब ठेवलं की झालं.

पहिल्या दोन फेऱ्या इथे नकोत

मोफत रेंजवर भाड्याने बंदूक मिळत नाही आणि शिकवायलाही कोणी नसतं. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा बंदूक हातात घेण्याची ही जागा नाही. फिनिक्सच्या उत्तरेला गेम अँड फिश खात्याचंच बेन ॲव्हरी शूटिंग फॅसिलिटी आहे. तिथे पैसे पडतात, पण रेंज ऑफिसर असतो, तो मोठ्याने आज्ञा देतो आणि चुकलात तर लगेच थांबवतो. तिथे दोनदा जा. आज्ञा कधी दिल्या जातात, लोक बंदूक टेबलावर कशी ठेवतात, टार्गेट बदलायला जाताना मागे कोण थांबतं, हे सगळं नीट बघा. मोफत रेंजवर तेच तुम्हाला स्वतःच्या तोंडाने करायचं आहे.

चार नियम मात्र घरातूनच पाठ करून निघा. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं समजूनच हाताळायची. जिथे गोळी लागलेली चालणार नाही तिकडे नळी वळवायची नाही. नेम टार्गेटवर बसेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. आणि टार्गेट काय आहे, त्याच्या मागे काय आहे, हे ठाऊक असल्याशिवाय गोळी झाडायची नाही. हे नियम या रूपात जगभर पोहोचवणारे जेफ कूपर ॲरिझोनातच राहायचे. पॉल्डन गावाजवळ १९७६ साली त्यांनी गनसाइट ही प्रशिक्षण संस्था सुरू केली. नियम चार का आहेत, यामागे विचार आहे. एक नियम मोडला तर बाकीचे तीन माणसाला वाचवतात. जीव जातो तेव्हा बहुधा दोन एकदम मोडलेले असतात.

कधी जायचं

ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात जाऊ नका. २०२३ साली फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सियस किंवा त्याहून वर गेला. विदर्भातल्या माणसालाही हा उन्हाळा जड जातो, कारण इथे छपराबाहेर सावलीच नाही. रेंज सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. मधल्या वारी सकाळी लवकर गेलात तर अर्धी रेंज रिकामी मिळते. शनिवारी दुपारी शेजारच्या प्रत्येक बाकावर कोणीतरी असतं आणि कोणाला किती येतं हे कळायला मार्ग नसतो. नवख्या माणसाने गर्दी टाळावी.

निघण्याआधी बीएलएमच्या संकेतस्थळावर दोन गोष्टी बघा: रेंज चालू आहे ना, आणि आगीचे निर्बंध लागलेत का. कोरड्या महिन्यांत एका ठिणगीने डोंगर पेटतो. ट्रेसर (जाताना पेटत जाणाऱ्या) किंवा आग लावणाऱ्या गोळ्या आणि स्फोट होणारी टार्गेटं नेऊच नका. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, तिथे नेटवर्क मिळेलच असं नाही. कुठे जातोय आणि किती वाजता परतणार, हे घरी सांगून निघा.

पिशवीत काय घ्यायचं

कान आणि डोळे सगळ्यात आधी. पॉइंट टू-टू रायफलचा आवाज साधारण १४० डेसिबल, मोठ्या रायफलचा १६० च्या आसपास. १४० च्या पुढचा एकच धक्का कानाचं कायमचं नुकसान करू शकतो, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. छपराखाली आवाज परावर्तित होऊन आणखी जोरात लागतो. म्हणून कानात फोमचे प्लग आणि वरून मफ्स, दोन्ही घाला. प्लग बोटांत बारीक पिळून, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढून आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत दाबून धरायचा. नुसता कानाच्या तोंडाशी खोचलेला प्लग काही कामाचा नाही. चष्मा झेड ८७ हा सुरक्षा मानकाचा शिक्का असलेला घ्या. नंबरचा चष्मा असेल तर त्यावर बसणारा मिळतो.

कपड्यांत एकच गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे गळा. शेजारच्या बंदुकीतून उडालेली पुंगळी चटका बसेल इतकी तापलेली असते. ती सैल गळ्यातून आत गेली की माणूस दचकतो, वळतो आणि हातातल्या बंदुकीची नळीही त्याच्याबरोबर वळते. एका तरुणाच्या बाबतीत हे माझ्यासमोर घडलं. त्याचं बोट चापाबाहेर होतं म्हणून पुढचं टळलं. बंद गळ्याचा टी-शर्ट, पुढे चोच असलेली टोपी आणि बंद बूट घालूनच जा. चप्पल, सँडल नको.

टार्गेटची सोय आपली आपण करायची. लाकडी पट्ट्यांचा हलका स्टँड, पुठ्ठा, कागदी टार्गेटं, मोठा स्टेपलर आणि कपड्यांचे चिमटे. दुपारी वारा सुटला की स्टेपल केलेला कागद फाटतो आणि तेव्हा चिमटे उपयोगी पडतात. स्टँडच्या पायावर ठेवायला वाळूची छोटी पिशवी. बाटल्या, काचा, जुना मायक्रोवेव्ह यातलं काही आणू नका. त्याला बंदी आहे आणि काचेचे तुकडे वर्षानुवर्षं मातीत राहतात. फलकावर लोखंडी टार्गेटांना परवानगी असली, तरी पहिल्या वर्षात तो नाद नको, गोळीचे तुकडे उलटे येतात.

माणशी चार लिटर पाणी, सनस्क्रीन, हाताला लागलेलं गोळ्यांचं शिसं काढणारे वाइप्स, कचऱ्याच्या दोन मजबूत पिशव्या, छोटा दाताळा. आणि प्रथमोपचाराच्या डब्यात टुर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळून बांधायचा पट्टा. बँडेडचा डबा आणि टुर्निके यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हातापायातून रक्ताची धार लागली तर जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा सोडून, तो बांधायचा, धार थांबेपर्यंत पिळायचा, वेळ लिहून ठेवायची आणि ९११ ला फोन करायचा. ‘स्टॉप द ब्लीड’ नावाचा छोटा वर्ग अनेक ठिकाणी मोफत मिळतो, तो करून घ्या. रुग्णवाहिका इथे पाच मिनिटांत येत नाही.

काडतुसांबाबत एवढंच: नळीवर कोरलेलं आणि डब्यावर छापलेलं अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. सुरुवात पॉइंट टू-टू लाँग रायफलने करा. धक्का नाही, स्वस्त आहे आणि चुका लपत नाहीत. पन्नासचे दोन डबे एका सकाळीला पुरतात. थकल्यावर मारलेली गोळी काही शिकवत नाही. या डब्यावर एक ओळ छापलेली असते, ती वाचा: ही गोळी दीड मैल जाऊ शकते. दीड मैल म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर. एवढ्याशा काडतुसाची ही पोच, म्हणून समोरचा मातीचा बांध इतका महत्त्वाचा.

गाडीत बंदूक रिकामी, केसमध्ये, मागच्या डिकीत. काडतुसं वेगळ्या डब्यात. कॅलिफोर्नियासारख्या शेजारच्या राज्यात जाणार असाल, तर तिथला कायदा वेगळा आणि कडक आहे.

पोचल्यावर लगेच केस उघडू नका

गाडी लावा, कानात प्लग घाला आणि पाच मिनिटं नुसते मागे उभे राहा. कोण कुठे आहे, कोणाची नळी कुठे फिरतेय, कोणी दारू आणलीय का, लोक टार्गेट बदलायला जाताना एकमेकांशी बोलतात का, हे बघा. कोणी बेफिकीर दिसलं तर गाडीत बसा आणि निघा. दीड तास गाडी चालवून आलोय म्हणून थांबायचं, हा हिशेब इथे करायचा नाही. मी तीनदा असा परतलोय.

सगळं ठीक वाटलं तर शेजाऱ्यांकडे जा. “हाय, मी नवीन आहे, तुम्ही इथे सीज फायर (गोळीबार थांबवणं) कसा करता?” एवढं विचारलंत की इथले लोक मनापासून मदत करतात. ॲरिझोनातली म्हातारी नेमबाज मंडळी नवख्याला शिकवायला फार उत्सुक असतात. एका आजोबांनी मला स्वतःची वाळूची पिशवी देऊन टाकली होती.

केस बाकावर ठेवायची, नळीकडचं तोंड बांधाकडे, आणि मगच उघडायची. रेंज कोल्ड असताना, म्हणजे गोळीबार थांबवून लोक पुढे टार्गेटांकडे गेलेले असताना, केस उघडायचीही नाही.

रेंज हॉट, रेंज कोल्ड

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण माणसं मरतात ती इथे चुकल्यावर.

टार्गेट बघायला किंवा बदलायला पुढे जायचं असेल, तर आधी दोन्ही बाजूंच्या प्रत्येकाला विचारायचं. सगळे तयार असले की एकाने मोठ्याने ओरडायचं: “सीज फायर!” त्याच क्षणी सगळ्यांनी थांबायचं. मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढायचं, बोल्ट (चेंबर बंद करणारा खटका) मागे ओढून उघडा ठेवायचा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालूनही बघायचं. मग चेंबर फ्लॅग घालायचा. हा नारिंगी प्लास्टिकचा तुकडा दोन-तीन डॉलरला मिळतो आणि चेंबर रिकामं असल्याचं लांबून दाखवतो. बंदूक टेबलावर, नळी बांधाकडे. मग दोन पावलं मागे. एकाने पूर्ण रांगेवरून चालत जाऊन प्रत्येक बंदूक उघडी आहे ना, हे बघायचं. शेवटच्या माणसाने मान डोलावल्यावरच घोषणा: “रेंज कोल्ड!”

रेंज कोल्ड असताना टेबलाजवळ कोणी जायचं नाही. बंदूक पुसायची नाही, मॅगझिन भरायचं नाही, दुर्बिणीतून बघायला टेबलावर वाकायचंही नाही. पुढे गेलेल्याला मागे टेबलापाशी माणूस दिसला, तर त्याने ओरडून त्याला हटवायचं आणि तो हटेपर्यंत टार्गेटकडे पाठ करायची नाही. संकोच वाटतो, मलाही वाटतो, पण ओरडायचंच.

परत येताना सगळे आले का, हे मोजायचं. जाताना सहा, येताना सहा. लहान मूल टार्गेटापाशी पुंगळ्या वेचत मागे राहिलंय, असं होऊ शकतं. मगच “रेंज हॉट!”, म्हणजे पुन्हा गोळीबार सुरू, आणि तेही एकदा ओरडून नाही, दोन्ही टोकांनी उलट उत्तर आल्यावर. ज्याने कान झाकलेत त्याला एकदा ओरडलेलं ऐकू जात नाही.

कोणाला पुढे जायची घाई आहे आणि तो न विचारताच चालत निघाला, तर? लगेच सीज फायर ओरडा. ही आज्ञा कोणीही, कधीही देऊ शकतो, दहा वर्षांचं मूलसुद्धा. ती ऐकल्यावर ‘का?’ विचारायचं नाही, आधी थांबायचं.

नेम

टार्गेट पंचवीस यार्डांवर लावा, म्हणजे मोठी पंचवीस-तीस पावलं. उंची अशी ठेवा की आरपार गेलेली गोळी बांधाच्या पायथ्याशी मातीत शिरेल. टार्गेट उंच लावलं तर गोळी बांधावरून जाऊ शकते आणि खूप खाली लावलं तर जमिनीवरून उसळते.

बाकावर बसा, पुढे वाळूची पिशवी, त्यावर रायफलचा पुढचा लाकडी भाग ठेवा, नळी नाही. दस्ता खांद्याच्या खोबणीत. गाल दस्त्यावर, दर वेळी त्याच जागी. श्वास घ्या, अर्धा सोडा, थांबा. आता चाप ओढायचा नाही, हळू दाबत न्यायचा, बोटाच्या पहिल्या पेराने, सरळ मागे. नेमका कधी सुटेल हे तुम्हालाच कळू नये इतका हळू. आवाज झाल्यावर बोट तसंच दाबलेलं ठेवून एक क्षण नेमाकडे बघत राहा. एनसीसीत उस्ताद सांगायचे तेच, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक मिळवलं, तेव्हा त्याच्या बोटानेही दर गोळीला हेच काम केलं.

पाच गोळ्या मारा आणि थांबा. मध्यभागी लागल्या की नाही, हे आत्ता बघू नका. एकमेकींजवळ लागल्या का, ते बघा. पाचही एका वाटीएवढ्या जागेत, पण कोपऱ्यात असतील तर तुम्ही बरोबर आहात, बंदुकीची दृष्टी (नेम धरायची खूण, इंग्रजीत साइट) हलवायची आहे. सगळीकडे विखुरल्या असतील तर बंदूक बरोबर आहे की नाही, हे अजून कळणारच नाही; आधी हात स्थिर करा.

बंदुकीवर दुर्बीण लावलेली असेल, तर तिची चकती फिरवताना होणाऱ्या क्लिकचा हिशेब इथे सगळे चुकतात. बहुतेक दुर्बिणींवर एक क्लिक म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच. पंचवीस यार्डांवर तोच क्लिक गोळीला एक इंचाचा फक्त सोळावा भाग हलवतो. म्हणजे एक इंच हलवायला चार नव्हे, सोळा क्लिक. लोक चार क्लिक देतात, फरक दिसत नाही आणि बंदुकीला दोष देतात. साधी दृष्टी असेल तर गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची दृष्टी सरकवायची.

चाप दाबला आणि नुसतं ‘टक’ झालं, गोळी सुटली नाही, तर हलू नका. नळी बांधाकडे धरून तीस सेकंद मोजा, मग काडतूस बाहेर काढा. कधीकधी ते उशिराने पेटतं. याहून धोक्याचा प्रकार म्हणजे नेहमीसारखा दणका न होता मऊ ‘फुस्स’ होणं. गोळी नळीतच अडकली असू शकते. पुढची गोळी मारली तर नळी फुटते. थांबा, बंदूक पूर्ण रिकामी करा, नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. दिसत नसेल तर त्या दिवसाचं शूटिंग संपलं. बंदूक दुरुस्तीवाल्याकडे न्या.

लहान मुलांबरोबर एक मूल, एक मोठा माणूस, एक बंदूक, चेंबरमध्ये एकच काडतूस, हा नियम मी कधी मोडलेला नाही. सहा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका यांना नेऊच नये, कारण हवेत आणि मातीत शिसं असतं.

सग्वारो आणि आकाश

बांध सोडून दुसरीकडे नळी वळवायचा मोह सग्वारोपाशी होतो. समोर उभा असतो, मोठा असतो, माणसासारखा दिसतो. याला पहिली फांदी फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात आणि त्याला इजा करणं हा ॲरिझोनात गुन्हा आहे. १९८२ साली याच लेक प्लेझंटजवळ एका माणसाने शॉटगनने सग्वारोवर गोळ्या झाडल्या. काटेरी फांदी तुटून त्याच्याच अंगावर पडली आणि तो जागीच गेला.

आकाशात गोळी कधीच मारायची नाही. १९९९ साली फिनिक्समध्ये शॅनन स्मिथ ही चौदा वर्षांची मुलगी घरामागच्या अंगणात उभी असताना वरून पडलेल्या गोळीने गेली. तिच्या आई-वडिलांनी पाठपुरावा केला आणि २००० साली ॲरिझोनात शॅनन्स लॉ झाला. शहराच्या हद्दीत निष्काळजीपणे गोळी झाडणं आता गंभीर गुन्हा आहे. गोळी झाडणाऱ्याला ती पडताना दिसली नव्हती, एवढं मी नव्या माणसाला सांगतो आणि मग बांधाकडे बोट दाखवतो.

आवरताना

निघण्याआधी वीस मिनिटं ठेवा. तुमच्या पुंगळ्या, फाटलेला पुठ्ठा, स्टेपल, प्लगची पाकिटं, सगळं पिशवीत. दाताळ्याने ओढलं की पॉइंट टू-टूच्या बारीक पुंगळ्याही येतात. जमलं तर शेजारच्याने टाकलेल्याही उचला. अशा जागा बंद झाल्या त्या बहुतेकदा कचऱ्यामुळे झाल्या आहेत. दगडाखाली हात घालताना आधी दाताळ्याने दगड हलवा. थंडी सरली की रॅटलस्नेक बाहेर पडतात.

रेंजवर काही खायचं नाही, गाडीत बसण्याआधी वाइप्सने हात आणि तोंड पुसायचं. डबा आणलाय म्हणून थालीपीठ बाकावरच सोडलं, असं करू नका. हातावरचं शिसं सरळ पोटात जातं. घरी गेल्यावर बूट बाहेर, कपडे वेगळे धुवायचे, थंड पाण्याने आणि साबणाने हात धुवायचे, मगच मुलांना जवळ घ्यायचं.

शेवटची गोष्ट भारतात जाणाऱ्यांसाठी. रेंजवर नेलेली पाठीवरची पिशवी विमानात नेऊ नका. तळाच्या शिवणीत एखादं जिवंत काडतूस अडकलेलं असतं आणि मुंबईच्या विमानतळावर ते स्कॅनरमध्ये दिसलं, तर आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होतो. ‘माहीत नव्हतं’ हे मग वकील लावून कोर्टात पटवत बसावं लागतं. आठवण म्हणून भाच्याला द्यायला रिकामी पुंगळीही नेऊ नका. भारतीय कायद्यात काडतुसाचे भागही दारूगोळ्याच्या व्याख्येत येतात. माझी रेंजची पिशवी वेगळी आहे, खाकी, बंदाला लाल नाडी बांधलेली. ती गॅरेजच्या खुंटीवर असते, आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय की प्रवासाला निघताना तिला हात लावायचा नाही.